शब्दांतले सुपरहिरो : कॉमिक्सवरच्या कादंबऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर बेतलेल्या गद्य कादंबऱ्या मी शाळेत असल्यापासून वाचत आलो आहे. कुणाला या पुस्तकांबद्दल सांगायला गेलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे.

ही पुस्तकं म्हणजे ग्राफिक नॉव्हेलच ना?

नाही. ग्राफिक नॉव्हेल ही चित्रांतूनच सांगितलेली गोष्ट असते. तिथे चौकटी असतात, संवादाचे फुगे असतात, फक्त बांधणी पुस्तकाची असते. इथे विषय आहे तो सरळ गद्याचा. परिच्छेद, प्रकरणं, दोनशे-तीनशे पानं मजकूर आणि त्यात सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडर-मॅन, कॅप्टन अमेरिका ही मंडळी. चित्र असलंच तर मुखपृष्ठावर, आणि क्वचित आत दोन-चार.

चित्रंच नसतील तर सुपरहिरो वाचायचा कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. सुपरहिरो जन्मला रंगीत कागदावर. त्याचा पोशाख, त्याची झेप, कोसळणारी इमारत हे सगळं चित्रकाराचं राज्य. गद्य लेखक त्या राज्यात चित्रकाराशी स्पर्धा करायला गेला की हरतो. त्याची स्वतःची जमीन वेगळी आहे.

एक प्रसंग घ्या. हा माझ्याच मनातला आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. कॉमिक्सच्या पानावर तीन चौकटी. पहिलीत पुलाची तार तुटते. दुसरीत नायक दोन्ही हातांनी ती धरून हवेत थांबला आहे, दात आवळलेले. तिसरीत बसमधली माणसं खाली उतरताहेत आणि तो हसून हात हलवतो आहे. चित्रकार चांगला असेल तर दुसऱ्या चौकटीवर नजर खिळून राहते.

आता तोच प्रसंग गद्यात: 'तार त्याच्या तळव्यात सरकत होती. दुखत नव्हतं, त्याला दुखायचं थांबून बरीच वर्षं झाली होती. बसमध्ये एकोणतीस माणसं होती. त्याला एकोणतीस काळजांचे ठोके वेगवेगळे ऐकू येत होते आणि त्यातला एक, मागच्या बाकावरचा, चुकत चालला होता. तार सोडून तिकडे जाता येत नव्हतं. तो तार धरून राहिला आणि तो ठोका थांबेपर्यंत ऐकत राहिला.'

यातलं काहीच चित्रात दिसत नाही. तिसऱ्या चौकटीत तो हसून हात हलवतो, पण त्या हसण्यामागे काय चाललं आहे ते फक्त वाक्यच सांगू शकतं. अफाट ताकद असलेल्या माणसाला आतून काय वाटत असेल, या एका प्रश्नासाठी मी या कादंबऱ्या वाचतो. ज्या कादंबरीला त्याचं उत्तर देता येत नाही, ती माझ्या लेखी फसलेली आहे. मग मारामाऱ्या कितीही असोत.

पहिली कादंबरी कोणती?

कॉमिक्समधल्या सुपरहिरोवरची पहिली कादंबरी म्हणून 'द अॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' हे नाव घेतलं जातं. लेखक जॉर्ज लोथर, प्रकाशक रँडम हाउस, साल १९४२. आत चित्रं होती आणि त्यांवर नाव होतं जो शुस्टर यांचं, म्हणजे सुपरमॅनच्या दोन जन्मदात्यांपैकी एकाचं. लोथर आले होते रेडिओवरून. सुपरमॅनची रेडिओ मालिका १९४० मध्ये सुरू झाली होती. तिचे निवेदक आणि लेखक म्हणून त्यांनी काम केलं होतं. माणूस सवयीने आवाजातून गोष्ट सांगणारा, म्हणून चित्राचा आधार नसताना प्रसंग कसा उभा करायचा हे त्यांना ठाऊक होतं.

या पुस्तकाचं मोल फक्त 'पहिलं' म्हणून नाही. १९३८ साली अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात सुपरमॅनचा जन्म, त्याचं बालपण, त्याची ताकद हे सारं एका पानात उरकलं होतं. लोथर यांनी त्यासाठी पूर्ण प्रकरणं दिली. क्रिप्टॉन या त्याच्या जन्मग्रहावरची शेवटची घटका, शेतावर वाढणारा मुलगा, आपण इतरांसारखे नाही हे कळल्यावर त्याला बसलेला धक्का आणि मरणाच्या दारातल्या पालक-पित्याचे शेवटचे शब्द. कॉमिक्सला मागे वळून पाहायला फुरसत नव्हती, ती कादंबरीने काढली.

नावांची गोष्टही सांगण्याजोगी आहे. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत सुपरमॅनच्या बापाच्या नावाला रोमन लिपीतलं 'एल' हे एकच अक्षर जोडलेलं असायचं आणि आईचं नाव होतं लोरा. लोथर यांनी त्या एका अक्षराचा दोन अक्षरी शब्द केला आणि लोराची लारा केली. देवनागरीत लिहिताना पहिला बदल दिसतच नाही, 'जोर-एल' तो 'जोर-एल'च राहतो. पण आज जगभर जे नाव छापलं जातं ते त्या कादंबरीतल्या रूपात.

म्हणजे त्याआधी सुपरहिरो गद्यात नव्हतेच?

होते तर. किंबहुना त्यांचं मूळच गद्यात आहे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी कॉमिक्समधला सुपरमॅन घडवला त्याच्या कितीतरी आधी, १९३३ च्या जानेवारीत, सीगल यांनी 'द रेन ऑफ द सुपरमॅन' नावाची कथा लिहून स्वतःच्या हौशी मासिकात छापली होती. ती गद्यकथा होती, शुस्टर यांची चित्रं सोबतीला. त्यातला सुपरमॅन नायक नव्हता, टकला खलनायक होता. नाव आधी आलं, झगा मागाहून.

त्याच काळात पल्प मासिकं, म्हणजे खरखरीत स्वस्त कागदावर छापलेली कथामासिकं, भरभराटीला आली होती. 'द शॅडो' १९३१ मध्ये आणि 'डॉक सॅव्हेज' १९३३ मध्ये सुरू झालं. दर अंकात एक अख्खी कादंबरी. शॅडोच्या तीनशेपंचवीस कादंबऱ्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतांश वॉल्टर गिब्सन या एकट्या माणसाने मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाखाली लिहिल्या. दुहेरी ओळख, गुप्त अड्डा, विश्वासू मदतनीस हा सारा सरंजाम तिथे तयार होता. फिलिप वायली यांची 'ग्लॅडिएटर' ही कादंबरी तर १९३० ची. तिचा नायक ह्यूगो डॅनर जन्मापासून अचाट ताकदीचा आहे आणि त्या ताकदीचं करायचं काय हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

बॅटमॅनचंही मूळ कादंबरीत आहे असं ऐकलं. खरं का?

बऱ्याच अंशी खरं. डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या सत्ताविसाव्या अंकातली, १९३९ ची, बॅटमॅनची पहिलीवहिली गोष्ट शॅडोच्या 'पार्टनर्स ऑफ पेरिल' या १९३६ सालच्या कादंबरीवर बेतलेली होती. ती लिहिली होती थिओडोर टिन्सली यांनी. पहिली कथा शॅडोच्या कथेवरून घेतली होती हे बॅटमॅनचे लेखक बिल फिंगर यांनीही सांगितलं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर एकामागून एक मरणारे भागीदार, रसायनांचा धंदा, काचेचा सापळा हे सगळं ओळखू येतं. मला यात कमीपणा वाटत नाही. कादंबरीने कॉमिक्सला दिलं आणि पुढे कॉमिक्सने कादंबरीला. हा व्यवहार पहिल्यापासून दुतर्फा आहे.

कॉमिक्सच्या अंकांमध्येही गद्य पानं असायची ना?

असायची, आणि त्यामागचं कारण टपालाचं होतं. अमेरिकेत मासिकांना टपालाचा सवलतीचा दर हवा असेल तर अंकात थोडा तरी सलग मजकूर असावा लागे. म्हणून प्रकाशक दोन पानांची गद्यकथा घालत. मुलं ती पानं उलटून पुढे जात.

अशाच एका दोन पानी कथेतून स्टॅन ली नावाचा पोरगा पहिल्यांदा छापून आला. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'चा तिसरा अंक, साल १९४१. त्या गद्यकथेत कॅप्टन अमेरिका ढाल फेकून मारतो. आज ढाल फेकणारा कॅप्टन अमेरिका लहान पोरालाही माहीत आहे. पण त्याची ती फेक चित्रात नव्हे, मजकुरात पहिल्यांदा झाली.

मार्व्हलच्या कादंबऱ्या कधीपासून?

१९६७ पासून. त्या वर्षी बँटमने ऑटो बाइंडर यांची अॅव्हेंजर्सवरची कादंबरी काढली आणि १९६८ मध्ये टेड व्हाइट यांची कॅप्टन अमेरिकेवरची. त्यात न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या सोन्याच्या चोरीचा कट आहे. बाइंडर म्हणजे जुन्या कॅप्टन मार्व्हलच्या (नाव तेच, पण हा नायक मार्व्हल कंपनीचा नव्हे) शेकडो कथा लिहिलेला माणूस, तरी मला त्यांच्यापेक्षा टेड व्हाइट सरस वाटतात. त्यांनी स्टीव्ह रॉजर्सच्या, म्हणजे कॅप्टन अमेरिकेच्या, शरीराकडे गंभीरपणे पाहिलं. ज्या सीरममुळे त्याला ताकद मिळाली त्याने माणसाच्या हाडामांसाचं नेमकं काय केलं असेल, याचा विचार कादंबरीकाराने करायचा असतो आणि त्यांनी तो केला.

पुढे १९७८-७९ मध्ये पॉकेट बुक्सने अकरा पुस्तकांची मालिका काढली. पहिलं पुस्तक स्पायडर-मॅनचं, लेन वाइन आणि मार्व्ह वुल्फमन यांचं. दोघेही मुळात कॉमिक्सचे लेखक. नव्वदच्या दशकात १९९४ पासून पुन्हा एक मोठी लाट आली. तिची सुरुवात डायेन डुएन यांच्या स्पायडर-मॅन कादंबरीने झाली. २०१२ पासून मार्व्हलने स्वतःच गद्य कादंबऱ्या काढायला घेतल्या, पहिली स्टुअर्ट मूर यांची 'सिव्हिल वॉर'.

एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं?

एलियट मॅगिन यांचं 'सुपरमॅन : लास्ट सन ऑफ क्रिप्टॉन', १९७८.

हे पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मुखपृष्ठामुळे फसलो होतो. त्यावर चित्रपटातल्या ख्रिस्तोफर रीव्हचा फोटो. वाटलं, चित्रपटाचीच गोष्ट असणार. आत चित्रपटाचं काही नाही. मॅगिन तेव्हा कॉमिक्समध्ये सुपरमॅन लिहीत होते आणि त्यांनी इथे आपली स्वतंत्र गोष्ट सांगितली. तिच्या आरंभीच अल्बर्ट आइनस्टाइन येतात. दूरच्या ग्रहावरून एक मूल पृथ्वीकडे निघालं आहे हे त्यांना कळतं, आणि ते मूल कुणाच्या घरी वाढावं याची जबाबदारी ते अंगावर घेतात. ऐकायला ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. वाचताना मात्र पटतं, कारण अणुबॉम्बच्या शतकातल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला अफाट ताकद भल्या माणसांच्या हाती पडावी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

पण पुस्तक खऱ्या अर्थाने खाऊन टाकलं आहे सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्युथर याने. कॉमिक्समध्ये तो तुरुंगातून पळतो, यंत्र बनवतो, हरतो. मॅगिन त्याच्या डोक्यात शिरतात. हा माणूस बुद्धीने सुपरमॅनच्या तोडीचा आहे, त्याला विनोद कळतो, त्याला एकटेपणा आहे आणि लहानपणीच्या मित्राविषयीचा, म्हणजे सुपरमॅनविषयीचा, राग तो जपून ठेवतो. पुढे दोघांना एकत्र अंतराळात जावं लागतं तेव्हाचे संवाद मी किती वेळा वाचले असतील याची गणती नाही. माझ्या प्रतीचा कणा नेमका त्याच पानांवर मोडला आहे. पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप तिथे उघडतं.

१९८१ मध्ये मॅगिन यांनीच 'मिरॅकल मंडे' लिहिलं. भविष्यातले लोक मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी एक सण साजरा करतात, पण तो कशामुळे सुरू झाला हे कुणालाच माहीत नसतं. ते शोधायला इतिहासाची एक विद्यार्थिनी मागच्या काळात येते. ते दुसरं वाचा.

कादंबरीत जे घडतं ते कॉमिक्समध्ये 'खरं' धरतात का?

एरवी नाही. कॉमिक्सचा अधिकृत इतिहास कॉमिक्समध्येच लिहिला जातो आणि कादंबरी बाजूला राहते. पण झिरपतं. जोर-एल आणि लारा यांचं उदाहरण वर आलंच आहे. लोथर यांनी पालक-आईबापांना एबन आणि सारा अशी नावं दिली होती. ती कॉमिक्सने घेतली नाहीत, मात्र पन्नासच्या दशकातल्या दूरचित्रवाणी मालिकेने घेतली. 'मिरॅकल मंडे'मधली ती विद्यार्थिनी, क्रिस्टिन वेल्स, पुढे १९८३ मध्ये कॉमिक्समध्ये सुपरवुमन होऊन अवतरली. कादंबरीतून उठून चित्रांच्या पानावर गेलेलं पात्र पाहिलं की मला फार आनंद होतो.

चित्रपटाबरोबर येणाऱ्या कादंबऱ्या वाचण्यालायक असतात का?

काही असतात. त्या पटकथेवरून, बहुधा चित्रपट पूर्ण होण्याआधीच आणि घाईत लिहिलेल्या असतात. त्यामुळे पडद्यावर न आलेले प्रसंग त्यात सापडतात. टिम बर्टनच्या १९८९ च्या 'बॅटमॅन'ची कादंबरी क्रेग शॉ गार्डनर यांनी लिहिली. 'बॅटमॅन बिगिन्स' आणि 'द डार्क नाइट' डेनिस ओ'नील यांनी लिहिल्या. त्यांचं बॅटमॅनशी नातं अनेक दशकांचं, म्हणून त्या दोन्हींत पात्रांची ओळख पक्की आहे. पहिल्यांदाच या प्रकाराकडे वळत असाल तर मात्र इथून सुरुवात करू नका. चित्रपट डोक्यात असतो आणि वाचताना तोच दिसत राहतो. गद्याला स्वतःचं काही करायला जागा उरत नाही.

कॉमिक्सच्या मोठमोठ्या मालिका एका कादंबरीत कशा बसवतात?

कापाकापी करून. आणि कापताना लेखकाची खरी परीक्षा होते.

'सुपरमॅनचा मृत्यू' ही मालिका घ्या. १९९२ च्या अखेरीस आलेल्या त्या शेवटच्या अंकांची रचना चित्रांतच शक्य होती. एका अंकात दर पानाला चार चौकटी, पुढच्या अंकात तीन, मग दोन, आणि ज्यात सुपरमॅन पडतो त्या अंकात, म्हणजे 'सुपरमॅन'च्या पंच्याहत्तराव्या अंकात, दर पानाला एकच चित्र. चौकटी कमी होत जातात, चित्रं मोठी होत जातात आणि न सांगता वाचकाला कळतं की उलटी गणती चालू आहे. शब्दांत हे जसंच्या तसं आणायचं म्हटलं तर जमणार नाही.

रॉजर स्टर्न यांनी ते आणायचा हट्ट धरला नाही. ते स्वतः त्या मालिकेच्या लेखकांपैकी एक होते. १९९३ च्या आपल्या कादंबरीत त्यांनी भर दिला तो मृत्यूच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवर. शहरातली माणसं, त्याची प्रेयसी लोइस, शेतावरचे म्हातारे आईबाप. ज्याचं नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे पण आपला मुलगा म्हणून त्याच्यासाठी चारचौघांत रडता येत नाही, अशा आईबापांचं दुःख. कॉमिक्समध्येही ते होतं, पण एका अंकाच्या मोजक्या पानांत. कादंबरीत त्याला श्वास घ्यायला वेळ मिळाला.

ओ'नील यांनी १९९४ मध्ये 'नाइटफॉल'ची कादंबरी लिहिली. बेन नावाचा खलनायक बॅटमॅनची पाठ मोडतो, दुसराच कुणीतरी त्याचा पोशाख घालतो आणि ब्रूस वेनला, म्हणजे खऱ्या बॅटमॅनला, परत उभं राहायचं असतं. कॉमिक्समध्ये ही कथा कितीतरी अंकांत पसरली होती, कित्येक फाटे फुटले होते. ओ'नील तेव्हा बॅटमॅनच्या अंकांचे संपादकच होते, त्यामुळे कुठला फाटा छाटला तरी झाड उभं राहील हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ग्रेग रुका यांची २००० ची 'नो मॅन्स लँड' याच जातीची, आणि तितकीच चांगली. भूकंपानंतर सरकारने वाऱ्यावर सोडलेलं बॅटमॅनचं गॉथम शहर तिथे कुठल्याही नायकापेक्षा मोठं पात्र होतं.

ग्रेग कॉक्स यांच्याकडे काम आलं ते सगळ्यांत अवघड. 'इन्फिनिट क्रायसिस' आणि त्यानंतर '५२', म्हणजे वर्षभर दर आठवड्याला निघालेले बावन्न अंक. त्यांनी काही पात्रांचे धागे ठेवले आणि काही पूर्ण सोडले. ज्यांच्या आवडीचे धागे सुटले ते आजही हळहळतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. सगळे धागे ठेवले असते तर पुस्तकाची यादी झाली असती.

कॉमिक्स वाचलेली नसतील तर कादंबरी कळेल का?

मॅगिन, लोथर, स्टर्न, ओ'नील कळतील. कॉक्स यांच्या कादंबऱ्या जड जातील.

मारामारी शब्दांत कंटाळवाणी होत नाही का?

वाईट लेखकाच्या हाती होते. कारण साधं आहे. कॉमिक्समध्ये ठोसा हवेत असताना नायक चार ओळी बोलतो आणि आपल्याला खटकत नाही. चित्रात वेळ थांबलेला असतो. गद्यात वाक्य जितकं लांब तितका वेळ जातो. हवेतला ठोसा आणि चार ओळींचं भाषण एकत्र आलं की ठोसा लटकून राहतो.

जाणते लेखक मारामारीचा एखादाच क्षण निवडतात आणि बाकीचं परिणामांतून सांगतात. भिंतीला गेलेला तडा, कानात बसलेला दडा, हाताला न थांबणारी थरथर.

याहून बारीक अडचण आहे ती नावाची आणि मला ती फार मोलाची वाटते. चित्रात क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन, चष्मा लावून उभा असतो, सुपरमॅन झगा घालून, आणि दोघांना वेगळं दाखवायला तेवढं पुरतं. गद्यात लेखकाला प्रत्येक वाक्याचा कर्ता ठरवावा लागतो. 'क्लार्कने खिडकी उघडली' की 'सुपरमॅनने खिडकी उघडली'? तो एकटा खोलीत असतो तेव्हा तो कोण असतो? हे ठरवलं की लेखकाने त्या पात्राविषयीचं आपलं सगळं मत सांगून टाकलेलं असतं. बॅटमॅनच्या कादंबरीत तर हे हमखास पाहा. निवेदक त्याला घरातही 'बॅटमॅन' म्हणत असेल तर लेखकाच्या मते ब्रूस वेन हाच मुखवटा आहे. हे एकदा लक्षात आलं की पुन्हा वाचताना पानोपानी दिसतं.

नामवंत साहित्यिकांनी असं काही लिहिलं आहे का?

आयझॅक आसिमोव्ह यांनी १९८९ च्या बॅटमॅन कथासंग्रहासाठी कथा लिहिली. त्यांच्या 'ब्लॅक विडोअर्स' या कोडी सोडवणाऱ्या मंडळाकडे ब्रूस वेन आपली अडचण घेऊन येतो. मारामारी नाही, फक्त जेवणाच्या टेबलावरचं बोलणं, आणि तरीही ती रंगते. टॉम डी हेवन यांची 'इट्स सुपरमॅन!' २००५ ची. तिच्यात सुपरमॅन १९३० च्या दशकातल्या मंदीच्या अमेरिकेत वाढतो, धुळीने माखलेल्या रस्त्यांवरून फिरतो आणि आपल्याला काय व्हायचं आहे हे त्याला लवकर कळत नाही. संथ पुस्तक आहे. संथ पुस्तकं आवडत असतील तर मॅगिननंतर लगेच हेच.

किशोरवयीन वाचकाला काय द्यावं?

ली बार्डुगो यांची वंडर वुमनवरची 'वॉरब्रिंगर', २०१७. डायना, म्हणजे वंडर वुमन, इथे अजून घडायची आहे, स्वतःला सिद्ध करण्याची तिची घाई खरी वाटते. त्याच मालिकेत मेरी लू यांनी बॅटमॅनवर, सारा जे. मास यांनी कॅटवुमनवर आणि मॅट दे ला पेन्या यांनी सुपरमॅनवर लिहिलं आहे. आणि जेसन रेनॉल्ड्स यांची 'माइल्स मोरालेस : स्पायडर-मॅन', तीही २०१७ ची. तिच्यात जाळी फेकणं थोडं आणि शाळा, घर, शेजार, कवितेचा तास जास्त. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलालाही मी हेच पुस्तक देईन.

कॉमिक्समध्ये कधीच नव्हते अशा सुपरहिरोंच्या कादंबऱ्या आहेत का?

आहेत, आणि तो एक स्वतंत्र प्रांत आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या संपादनाखाली १९८७ पासून निघणारी 'वाइल्ड कार्ड्स' मालिका अनेक लेखकांनी मिळून लिहिलेली आहे. १९४६ मध्ये न्यूयॉर्कवर परग्रहावरचा विषाणू पसरतो. लागण झालेल्या शंभरांतले नव्वद मरतात, नऊ विद्रूप होतात आणि एकाला शक्ती मिळते. या एका हिशेबाने सुपरहिरोकडे पाहायची नजर बदलते. शक्ती हे भाग्य राहत नाही, ती वाचलेल्यांपैकी वाचलेल्याची खूण होते. ऑस्टिन ग्रॉसमन यांच्या 'सून आय विल बी इन्व्हिन्सिबल'मध्ये, २००७, अर्धी कथा खलनायक स्वतः सांगतो. मॅगिन यांचा ल्युथर आवडला असेल तर हेही आवडेल.

मला स्वतःला अशी कादंबरी लिहायची असेल तर?

सुपरमॅन किंवा स्पायडर-मॅनवर लिहून परवानगीशिवाय प्रकाशित करता येणार नाही. ती पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत. अशा कादंबऱ्या कंपनीच्या किंवा तिने परवाना दिलेल्या प्रकाशकाच्या सांगण्यावरून लिहिल्या जातात. पुस्तकाच्या सुरुवातीचं हक्कांचं पान उघडून बघा, बहुतेक वेळा तिथे लेखकाचं नाही, कंपनीचं नाव दिसेल. लेखकावर बंधनंही असतात. नायकाला मारता येत नाही, त्याचं लग्न मोडता येत नाही. इतक्या कुंपणांच्या आत राहून मॅगिन यांनी ल्युथर उभा केला, म्हणून मला त्यांचा आदर जास्त वाटतो. तुमचा स्वतःचा नायक असेल तर कुणाची आडकाठी नाही.

वाचण्याऐवजी ऐकता येतात का?

येतात. ग्राफिकऑडिओ या कंपनीने यांतल्या बऱ्याच कादंबऱ्या अनेक कलाकार, संगीत आणि आवाजांसह काढल्या आहेत. 'नाइटफॉल' आणि सुपरमॅनच्या मृत्यूची गोष्ट नव्वदच्या दशकात बीबीसी रेडिओवरही झाली होती, डर्क मॅग्ज यांच्या दिग्दर्शनाखाली. ती कादंबरीची नव्हे, मूळ कॉमिक्सची रूपांतरं, पण ऐकण्याजोगी.

आजही कॉमिक्सच्या अंकात गद्य येतं का?

क्वचित. २००७ मध्ये 'बॅटमॅन'चा सहाशे त्रेसष्टावा अंक ग्रँट मॉरिसन यांनी संपूर्ण गद्यात लिहिला, जोकरवर. शब्दांचा मारा इतका की काही वाचकांना तो सहन झाला नाही. मला पहिल्या वाचनात नाही आवडला. दुसऱ्या वेळी मोठ्याने वाचला आणि मग जोकरच्या डोक्यातला गोंगाट ऐकू आला.

जुन्या प्रती घेताना काय पाहावं?

सत्तरच्या दशकातल्या पेपरबॅकचा डिंक सुकलेला असतो. पुस्तक सपाट उघडू नका, अर्धंच उघडून वाचा, नाहीतर पानं सुटी होतील. माझ्या 'लास्ट सन'ची सहा पानं अशीच निघाली आहेत आणि ती मी त्यांच्या जागी खोचून ठेवतो. लोथर यांच्या १९४२ च्या मूळ प्रतीमागे लागायची गरज नाही. १९९५ मध्ये तिची जशीच्या तशी पुनरावृत्ती निघाली आहे आणि वाचायला तीच बरी. घेण्याआधी आतली चित्रं पूर्ण आहेत ना, एवढं मात्र पान उलटून बघून घ्या.